दाढ ठणकते रात्री, दवाखाना उघडतो दुकानाच्या वेळी

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस लागले की नवी पेठेतली रात्र लांबते. तरावीहची नमाज संपवून माणसे सहकुटुंब खरेदीला बाहेर पडतात. मुलांचे कपडे, चपला, ओढण्या, अत्तरे यांची दुकाने उशिरापर्यंत उघडी राहतात. विजापूर वेशीतला बाजार तर त्याहून उशिरापर्यंत जागा असतो. या गर्दीत काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. तो शर्टाची घडी मोडतो, साइज शोधतो, भाव सांगतो आणि मधूनच एका बाजूचा गाल तळहाताने दाबून धरतो. त्याची दाढ दुखत असते. कधीपासून दुखते असे विचारले तर उत्तर तारखेत मिळत नाही, सणात मिळते. दिवाळीपासून, संक्रांतीपासून, लग्नसराईपासून. आणि पुढचे वाक्यही ठरलेले असते : ईद झाली की दाखवू.

दाताच्या दवाखान्यांची सोलापुरात वानवा नाही. नवी पेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर दंतवैद्यांच्या अनेक पाट्या आहेत. सिव्हिल हॉस्पिटल म्हणून सगळे ओळखतात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय शहराच्या मध्यात आहे. केगावला दंत महाविद्यालय आहे. तरीही किडलेली दाढ महिनोन्‌महिने तोंडात राहते आणि शेवटी उपटली जाते. याचे कारण विचारले की बहुतेक जण पैशाकडे बोट दाखवतात. पैशाची अडचण खरीच आहे. पण पैसे लागतात ते खुर्चीत बसल्यानंतर. खुर्चीपर्यंत पोचण्यासाठी वेळ लागतो आणि दुकानात, मागावर किंवा बिडीच्या सुपापुढे बसणाऱ्या माणसाचा दिवस त्याच्या हातात नसतो.

दोन घड्याळे, एकच वेळ

नवी पेठेतल्या नोकराचा दिवस घड्याळावर मांडून पाहावा. सकाळी दहाच्या सुमारास शटर वर जाते. त्याआधी झाडलोट, पुतळ्यांवर कपडे चढवणे, बाहेरचे हँगर लावणे ही कामे असतात. संध्याकाळी सहानंतर गिऱ्हाईक वाढते. रात्री नऊ-साडेनऊला शटर खाली येते, तरी माल आत घेणे, घड्या घालणे आणि गल्ल्याचा हिशेब यांत आणखी वेळ जातो.

आता दाताच्या खासगी दवाखान्याची वेळ पाहावी. साधारण दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ. म्हणजे दुकान उघडते तेव्हा दवाखाना उघडतो आणि दोघांची शटरे जवळजवळ एकाच वेळी खाली येतात. दुपारी दोन ते चार या वेळात सोलापूरच्या उन्हात गिऱ्हाईक नसते, दुकानात थोडी उसंत असते. नेमका तेव्हा दवाखाना बंद असतो. सरकारी रुग्णालयाची बाह्यरुग्ण तपासणी मुख्यतः सकाळची. केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचे, एक्स-रे काढायचा, पुन्हा रांग. एवढे होईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो.

राहिला रविवार. रविवारी बऱ्याच दंतवैद्यांची सुटी असते किंवा दवाखाना अर्धा दिवस चालतो. बाजारपेठेसाठी मात्र रविवार म्हणजे गर्दीचा दिवस. आठवड्याची सुटी मिळाली तरी सणाच्या तोंडावर तीच आधी रद्द होते. दिवाळीत हे होते, लग्नसराईत होते आणि रमजानमध्येही होते. रोजा असणारा नोकर आणि रोजा नसणारा नोकर, दोघांनाही.

महिला कामगारांचे घड्याळ आणखी घट्ट असते. साड्यांच्या आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानांत काम करणाऱ्या महिला रात्री घरी पोचल्या की स्वयंपाकाला लागतात. रमजानमध्ये रोजेदार बाईचा दिवस सहेरीच्या तयारीने, म्हणजे पहाटे साडेतीन-चारलाच सुरू होतो. तिने दवाखान्यात कधी जायचे, याला दिवसाच्या चोवीस तासांत सरळ उत्तर नाही.

एका खेपेत उपटणे, पाच खेपांत वाचवणे

ताप आला तर एकदा डॉक्टरकडे जाऊन, इंजेक्शन-गोळ्या घेऊन भागते. दाताचे तसे नाही. दाताच्या बहुतेक उपचारांना खेपा लागतात.

कीड वरच्या थरात असेल तेव्हा एकाच बैठकीत ती साफ करून सिमेंट भरता येते. पण त्या टप्प्यावर दाढ दुखत नाही. थंड पाणी किंवा गोड लागले की झिणझिण्या येतात, एवढेच. ज्याला सुटी मागावी लागते तो झिणझिण्यांसाठी सुटी मागत नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्री झोप उडते. मग रूट कॅनल करावे लागते. त्यासाठी साधारण एक ते तीन बैठका. त्यानंतर दाढेला घासून आकार देणे, माप घेणे, ते लॅबमध्ये पाठवणे, काही दिवसांनी कॅप बसवणे. कवळी बसवायची असेल तर आधी माप, मग मेणाची चाचणी, मग बसवणे आणि त्यानंतर टोचते तिथे घासून घेणे, असा क्रम असतो.

याचा हिशेब नोकरी करणारा माणूस मनातल्या मनात करतो. रोज चारशे रुपये धरला आणि रूट कॅनल व कॅप मिळून पाच खेपा धरल्या, तर प्रत्येक खेपेला अर्धा खाडा पडला तरी एक हजार रुपये पगारातून जातात. हे डॉक्टरांच्या फीच्या वरचे. त्यात मालकापुढे पाच वेळा तोंड उघडावे लागते. दाढ काढून टाकायला मात्र एकच खेप पुरते. म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या पुष्कळ जण सांगतात, डॉक्टर, काढूनच टाका. ऐकणाऱ्याला हे अडाणीपणाचे वाटते. प्रत्यक्षात त्या माणसाने आपल्या वेळेचा हिशेब चोख केलेला असतो. फक्त त्या हिशेबात पुढची वर्षे धरलेली नसतात. एक दाढ गेली की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, एकाच बाजूने चावण्याची सवय लागते. चाळिशीत तीन-चार दाढा गेलेला माणूस भाकरी पाण्यात किंवा आमटीत कुस्करून खायला लागतो.

स्वस्त उपचारांचीही हीच गोम आहे. दंत महाविद्यालयांत शुल्क कमी असते, पण तिथे विद्यार्थी शिकत असतात. प्रत्येक टप्पा शिक्षकांना दाखवून पुढे जावे लागते. काम नीट होते, मात्र बैठका लांबतात आणि त्याही दिवसा. म्हणजे जिथे पैसे कमी लागतात तिथे वेळ जास्त लागतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले. या निर्णयाने गरिबाच्या खिशावरचा एक भार उतरला. खाड्याचा भार मात्र कोणत्याही मोफत योजनेत धरलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. म्हणजे जवळपास निम्मी माणसे. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे उपचार न झालेली दाताची कीड. ही कीड वेळेत धरली तर सर्वांत सोप्या उपचारांत मोडते. नवी पेठेतल्या दाढेचे दुखणे नवी पेठेपुरते नाही, हे यावरून कळते.

भोंग्याच्या शहरात

सोलापूरला कामाच्या वेळेचे महत्त्व कुणी शिकवायला नको. १८७० च्या दशकात इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या शहर भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. गिरणीतले कष्ट कमी नव्हते. १९२२ च्या कायद्याने कारखान्यातल्या प्रौढ कामगाराचा आठवडा ६० तासांवर आला, १९३४ च्या कायद्याने ५४ वर आणि १९४६ मध्ये ४८ तासांवर. यांतला एकेक तास लढून मिळालेला होता. त्यात सोलापूरच्या कामगारांचाही वाटा आहे.

पाळीचा एक फायदा होता. सकाळच्या पाळीचा कामगार दुपारी तीनला मोकळा होई. दुसऱ्या पाळीवाल्याची सकाळ त्याची स्वतःची असे. पाळी आठवड्याने बदलत असल्यामुळे कधी ना कधी दवाखान्याची वेळ आणि त्याची मोकळी वेळ जुळत असे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार विमा योजनेचा दवाखाना होता आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळत असे.

गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागी यंत्रमाग आले, दुकाने आली, शोरूम आले. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी चालते आणि मजुरी निघालेल्या मालावर ठरते. चादर किंवा टॉवेल मागावरून उतरला तर पैसे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला दवाखान्यात जा म्हणणे म्हणजे झोप सोडून जा म्हणणे. बिडी कामगार बाई घरात बसून काम करते, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ आहे असा पुष्कळांचा समज असतो. तिचा रोज हजार बिड्यांवर मोजला जातो. ब्रँचमध्ये बिड्या देण्याची वेळ ठरलेली असते. दवाखान्यात गेलेला एक तास म्हणजे तेवढ्या बिड्या कमी. बिडी कामगारांसाठी केंद्र सरकारच्या कल्याण योजनेतून दवाखाने चालतात, पण तिथे जायलाही सूप खाली ठेवावे लागते.

कायदा कुठवर पोचतो

दुकानात काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली गेली. सलग पाच तास काम झाले की किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुटी आणि वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा हेही त्यात आले. आठ दिवसांची किरकोळ रजा म्हणजे अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या सोळा खेपा. एका माणसाच्या तोंडाची पूर्ण डागडुजी त्यात होऊ शकते.

अडचण अशी, की हा कायदा आला तेव्हाच तो दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. नवी पेठेतल्या, चाटी गल्लीतल्या, मधल्या मारुतीच्या आसपासच्या किती दुकानांत दहा माणसे कामाला असतात? बहुतेक ठिकाणी तीन, चार, फार तर सहा. त्यांची सुटी कायद्यावर नाही, मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या वीसवर आणि कामाचे तास नऊवरून दहावर नेणाऱ्या बदलांना मंजुरी दिली. दुकान चालवण्याच्या दृष्टीने या बदलांचे जे काही फायदे सांगितले जातात ते आपल्या जागी. दाढ दुखणाऱ्या नोकराच्या दृष्टीने कायद्याचे छत्र आणखी लांब गेले.

दुकान कामगार विमा योजनेत नोंदलेले असेल तर चित्र थोडे बरे असते. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून उपचार मिळतात आणि डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला तर ठरावीक दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कमही मिळते. आपले नाव या योजनेत आहे का, हे पुष्कळ नोकरांनी कधी विचारलेलेही नसते. पगाराच्या चिठ्ठीवर किंवा मालकाच्या हिशेबनिसाकडे एकदा पाहून घ्यावे.

गोळी, मावा आणि लांबलेले दुखणे

सुटी मिळत नाही तोवर माणूस स्वतःच डॉक्टर होतो. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतो. कुणी दाढेत लवंग धरतो, कुणी तंबाखूची चिमूट ठेवतो, कुणी ॲस्पिरिनची गोळी थेट हिरडीवर दाबतो. ॲस्पिरिनने हिरडी भाजते. तंबाखूने थोडा वेळ बधिरपणा येतो, पण कीड तिथेच राहते. उपाशीपोटी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. आधी कुणाला तरी लिहून दिलेली अँटिबायोटिक दोन दिवस घेऊन सोडून देणे ही तर घराघरातली सवय झाली आहे.

एक दिवस दुखणे अचानक थांबते. माणसाला वाटते, बरे झाले. बऱ्याचदा तेव्हा दाढेतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाखाली पसरू लागलेला असतो. गालावर किंवा जबड्याखाली सूज येणे, तोंड उघडेनासे होणे, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सुटी, रोजा, सण, गिऱ्हाईक काहीही पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. जबड्याखालची सूज श्वासनलिकेवर दाब आणू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो.

मावा हा कामाच्या वेळेशीच जोडलेला विषय आहे. बारा तास उभे राहायचे, रात्रपाळीत डोळा लागू द्यायचा नाही, भूक मारायची, म्हणून मावा चोळला जातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा मावा मात्र तोंडातोंडात आहे. बायकांमध्ये मशेरी आहे. ती दात घासण्यासाठी म्हणून लावली जाते आणि नंतर सुटत नाही. सुपारीमुळे गालांच्या आतली कातडी आखडत जाते आणि तोंड कमी उघडू लागते. आपली तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांहून जुनी जखम असेल, तर दातांचे दुखणे नसले तरी तपासून घ्यावे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, म्हणून त्याच्यासाठीही कुणी सुटी घेत नाही.

रमजानमध्ये एक गोष्ट आपोआप घडते. रोजा ठेवणारा माणूस पहाटेपासून मगरिबच्या अजानपर्यंत, साधारण तेरा तास, मावा तोंडात टाकत नाही. दुकानातले काम तेवढेच असते, उभे राहणे तेवढेच असते, तरी दिवस निघतो. इफ्तारनंतर लगेच पुडी उघडण्याऐवजी हा खंड तसाच पुढे नेला, तर तीस दिवसांत सवयीचा जोर बराच ओसरतो.

रोजा आणि दाताचे उपचार

रमजानमध्ये दाताच्या दवाखान्यात मुस्लिम रुग्ण कमी होतात. रोजा तुटेल ही भीती त्यामागे असते. बहुतेक उलेमांच्या मते दात तपासणे, साफ करणे, सिमेंट भरणे किंवा हिरडीत बधिरतेचे इंजेक्शन घेणे यांनी रोजा तुटत नाही. मात्र पाणी, औषध किंवा रक्त घशाखाली उतरता कामा नये. दाढ काढताना रक्त येते आणि ते गिळले जाण्याचा संभव असतो, म्हणून थांबता येण्याजोगे काम इफ्तारनंतर करावे असे सांगितले जाते. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामांना किंवा मुफ्तींना विचारावे आणि उपचाराबद्दल दंतवैद्यांना. आजारी माणसाने रोजा सोडून नंतर तो भरून काढावा, ही सवलत कुरआनच्या सुरह बकरामध्येच दिलेली आहे. सुजलेला जबडा घेऊन रोजा रेटणे धर्माने कुणावर लादलेले नाही.

रोजच्या काळजीच्या काही साध्या गोष्टी आहेत. दिवसभर पाणी नसल्याने लाळ कमी होते आणि लाळ हीच दातांची पहिली राखण असते. म्हणून सहेरी झाल्यावर, फजरची अजान होण्याआधी, नीट ब्रश करावा. इफ्तारमध्ये खजूर, सरबत, जिलबी, फिरनी असे गोड आणि चिकट पदार्थ असतात. ते खाल्ल्यावर भरपूर चूळ भरावी आणि झोपण्यापूर्वी पुन्हा ब्रश करावा. दिवसा मिस्वाक करायला हरकत नाही, ती सुन्नत आहे. आपल्याकडे बाभळीच्या आणि कडुनिंबाच्या काडीने दात घासणारी पिढी अजून गावोगाव आहे. मिस्वाक ही त्याच घराण्यातली काडी. हिरडीला इजा होणार नाही अशी हलक्या हाताने ती फिरवावी. दिवसातून तीन वेळा सांगितलेली गोळी स्वतःच्या मनाने दोन वेळा करू नये. रोजा आहे असे सांगितले तर डॉक्टर सहेरी आणि इफ्तारला घेता येईल असे औषध देऊ शकतात. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते अंगावर काढू नये. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

मिस्वाकबद्दलची एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा, की लोकांना जड जाईल ही चिंता नसती, तर पैगंबरांनी प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाकची सक्ती केली असती. दाताच्या स्वच्छतेला किती मोल आहे हे त्यातून कळते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळते. चांगल्या गोष्टीचा आग्रह धरतानाही समोरच्या माणसाला ती झेपेल का, हे आधी पाहिले गेले. दात घासा, दर सहा महिन्यांनी तपासून घ्या, असे फलक लावताना हा विचार सहसा होत नाही.

वीस मिनिटांची बदली

रमजानमध्ये नवी पेठेतल्या दुकानांत एक गोष्ट न सांगता घडते. साडेसहाच्या सुमारास मगरिबची वेळ होते. बाजाराच्या दृष्टीने ही ऐन धंद्याची वेळ. तरीही रोजेदार नोकर खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन दुकानाच्या मागच्या बाजूला जातो आणि त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या काउंटरवरचा सहकारी सांभाळतो. तो सहकारी अनेकदा हिंदू असतो, मालकही अनेकदा हिंदू असतो. गणपतीत आणि दिवाळीत हीच बदली उलट्या बाजूने होते. यासाठी कायदा लागत नाही, अर्ज लागत नाही. गर्दीच्या वेळी वीस मिनिटे एक माणूस कमी असला तरी दुकान चालते, हे प्रत्येक मालकाला माहीत आहे.

हीच बदली दाढेसाठी का होऊ नये? दुकानातल्या प्रत्येक नोकराला महिन्यातून एकदा, पाळीपाळीने, दोन तास पगार न कापता द्यायचे. पाच माणसांच्या दुकानात महिन्याला दहा तास होतात. खिळखिळीत झालेल्या दाढेने कण्हत गिऱ्हाईक करणारा नोकर याहून जास्त तास वाया घालवतो. व्यापाऱ्यांच्या संघटनेने ठरवले तर संपूर्ण पेठेत ही पद्धत बसू शकते.

दंतवैद्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री दवाखाना उघडा ठेवायचा तर मदतनीस मुलगी उशिरा घरी कशी जाणार, उपकरणे निर्जंतुक करायला वेळ लागतो, दिवसभर वाकून काम केल्यावर पाठही थकते. सगळे दिवस उशिरापर्यंत बसा असे त्यांना म्हणता येणार नाही. पण दुपारी दोन ते चार हा बाजाराच्या उसंतीचा वेळ आठवड्यातून एक-दोन दिवस दवाखान्याने उघडा ठेवला आणि त्या बदल्यात एखादी संध्याकाळ लवकर मिटली, तर पेठेतल्या नोकरांना दार सापडेल. जे दंतवैद्य रमजानमध्ये तरावीहनंतर बसतात त्यांनी हे करून दाखवलेलेच आहे.

सरकारलाही ही गोष्ट अनोळखी नाही. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ योजनेची वेळच दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठेवली गेली. कष्टकरी माणूस सकाळी येऊ शकत नाही, हे त्यात मान्य केले आहे. या दवाखान्यांचा भर तपासणी, औषधे आणि रक्तचाचण्यांवर आहे. मुंबईत महापालिकेने काही ठिकाणी पॉलिक्लिनिक जोडून दंतवैद्यही दिले. सोलापुरात बाजारपेठेजवळच्या एखाद्या दवाखान्यात संध्याकाळी दाताची एक खुर्ची चालू झाली, तर तिचा उपयोग यंत्रमागवाल्यालाही होईल आणि सेल्समनलाही.

जकात आणि सदक्याच्या पैशातून रमजानमध्ये आरोग्य शिबिरे होतात, इतर समाजांच्या मंडळांकडूनही होतात. ती बहुधा रविवारी सकाळी भरतात. दात तपासले जातात, ब्रश आणि पेस्ट वाटली जाते, पुढच्या उपचाराची चिठ्ठी हातात मिळते आणि ती खिशात राहून जाते. शिबिराची वेळ दुकाने मिटल्यानंतरची ठेवावी. तपासणीबरोबर त्याच बैठकीत सिमेंट भरण्याची सोय करावी. आणि मदतीच्या रकमेत फीबरोबर खाड्याचे पैसेही धरावेत. जकात कुणाला देता येते याचे नियम आहेत, ते आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. गरजू कामगाराच्या बुडालेल्या रोजापुरती मदत सदक्यातून तर नक्कीच करता येते.

रमजानच्या बयानांत दरवर्षी सांगितले जाते, की या महिन्यात जो आपल्या हाताखालच्या माणसाचा भार हलका करतो त्याला मोठे पुण्य आहे. ऐकणारे मान डोलावतात. भार म्हणजे डोक्यावरचे गाठोडे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. नवी पेठेतल्या नोकराच्या डोक्यावर गाठोडे नसते, त्याच्या अंगावर तास असतात. चाँद रात होईपर्यंत ते वाढतच जातील आणि बाजाराचा तो नियमच आहे. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेठ थोडी शांत होते. दुकानात ज्याने ‘ईद झाली की दाखवू’ म्हटले होते त्याला मालकाने त्या आठवड्यात स्वतःहून विचारावे, दाढ दाखवलीस का? आणि नसेल दाखवली, तर दुपारी दोन तास सोडावे.